मोठं इंजिन

उन्हाळा लागला तशी लाईट जायला लागली. आधी नुसती दुपारची, मग सकाळचीही, मग तिला धरबंधच राहिला नाही. कोणी म्हणे सबस्टेशनातला ट्रान्सफॉर्मर जळालाय, कोणी म्हणे वरूनच कमी सोडतात. बाकीच्या घरांत पंखा थांबायचा, माणसं दारात येऊन बसायची, वीजवाल्यांच्या नावानं बोटं मोडायची आणि गप्पांना लागायची. मिस्त्रींच्या घरी मात्र लाईट गेली की मशीन ओरडायला लागायचं.

ते हवेचं मशीन होतं. लहान कपाटाएवढं, चाकांवर उभं, दिवसरात्र घुंघुं करणारं. त्यातून निघालेली पारदर्शक नळी मिस्त्रींच्या नाकात. मिस्त्रींनी जन्मभर दगड घडवला. पायऱ्या, उंबरे, खांब, जनावरांच्या पाण्याच्या डोण्या. दगडाची भुकटी वर्षानुवर्षं छातीत बसत गेली. डॉक्टरांनी फोटो खिडकीकडे धरून दाखवला तेव्हा मिस्त्री म्हणाले, "म्हणजे आतसुद्धा खाणच झाली म्हणा की." डॉक्टर हसले नाहीत. मग मिस्त्रीही हसायचे थांबले.

घरात तिघंच. मिस्त्री, त्यांची बायको, जिला सगळे काकू म्हणत, आणि मुलगा. मुलगा रांगायचा तेव्हापासून हाताला येईल ते दगडावर आपटायचा, म्हणून त्याचं नाव ठोक्या पडलं. तिशी उलटली, डोक्यावरचे केस विरळ झाले, तरी नाव काही सुटलं नाही. अंगणात पत्र्याची शेड होती. तिच्यात तो विजेच्या कटरवर दगड कापायचा. बापाचा छन्नीहातोडा खुंटीला लटकलेला होता. नक्षीपुरताच तो खाली यायचा.

लाईट गेली, मशीन ओरडलं, की काकू हातातलं टाकून धावायच्या. पलंगाच्या उशाशी ऑक्सिजनचा सिलिंडर उभा असे. त्याच्या तोंडाला पाना लावून फिरवायचा, मशीनची नळी काढून सिलिंडरला जोडायची. सोपं काम. पण मिस्त्रींच्या गळ्याखालची खळगी प्रत्येक श्वासाला आत जायला लागली, ओठ जांभळे पडायला लागले, की काकूंच्या हातातला पाना जागेवर बसायचाच नाही. मिस्त्री हातानं खुणावायचे. सावकाश, सावकाश. ज्याचा जीव गुदमरतोय त्यानंच धीर द्यायचा.

एका दुपारी सिलिंडर संपला. दुसरा भरून आणायला ठोक्या तालुक्याला गेला होता. शेजाऱ्यांनी मिस्त्रींना उचलून टेम्पोत घातलं आणि दवाखान्यात नेलं. तिथल्या नर्सबाईंनी धावपळ करून त्यांना हवा लावली, जीव परत आला. पण टेम्पोतच त्यांचे कपडे ओले झाले होते. व्हरांड्यातल्या बाकावर ते तसेच पडले होते आणि औषधाच्या रांगेतली सगळी माणसं बघत होती. ज्या माणसाच्या हातचा उंबरा अर्ध्या गावाला होता, तो भिंतीकडे तोंड करून पडला. काकूंनी कपडे बदलले तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले.

"मला... परत... इथं आणू नका," ते घरी आल्यावर म्हणाले. त्यांचं बोलणं आता असंच होतं. दोन शब्द, एक श्वास.

नर्सबाई ठोक्याला म्हणाल्या, "सिलिंडरवर किती दिवस काढणार? जनरेटर घ्या. लहानसा घेतला तरी भागेल. धूर घरात येता कामा नये, एवढं बघा. आणि मशीनच्या लायनीवर दुसरं काही जोडू नका."

ठोक्या म्हणाला, "इन्व्हर्टर?"

"बॅटरी भरायला तरी लाईट हवी ना?"

जनरेटर बघायला जायचं ठरलं तेव्हा मिस्त्री हटून बसले, मीपण येणार. घरात येणारी वस्तू त्यांनी कधी दुसऱ्यावर सोपवली नव्हती. मग टेम्पोत गादी टाकली, सिलिंडर दोरीनं बांधला, आणि तिघं निघाली.

दुकानदार जाडजूड माणूस होता, सगळे त्याला शेठ म्हणत. दुकानात पाणबुडी पंप, वायरीची भेंडोळी, पंख्यांची खोकी, आणि सगळ्यावर तेलकट धूळ. त्यानं मिस्त्रींसाठी दारातच खुर्ची ठेवली आणि दोन जनरेटर दाखवले.

एक लहान होता. लाल रंगाचा, पेट्रोलवरचा, बटण दाबलं की चालू. शेठनं तो चालू केला आणि त्याच्यापाशी उभं राहून साध्या आवाजात बोलून दाखवलं. "हा तुमचं मशीन ओढेल, एक पंखा ओढेल, दोन दिवे. बाकी काही मागू नका याच्याकडे."

दुसरा कोपऱ्यात होता. डिझेलचं थोराड इंजिन, कोणीतरी वापरून परत आणून टाकलेलं, हिरवा रंग जागोजाग उडालेला, लोखंडी गाड्यावर चढवलेलं. शेठच्या गड्यानं त्याला हँडल घातलं, अंग टाकून गरके मारले आणि इंजिन धडधडलं. दुकानाचे पत्रे थरथरले, कपाटातले बल्ब किणकिणले. शेठ काहीतरी सांगत होता, त्याचे ओठ नुसते हलताना दिसत होते. इंजिन थांबल्यावर ऐकू आलं, "...कटरसकट सगळं चालेल. घर पण आणि धंदा पण. जुना आहे, म्हणून मोलाला लहानाएवढाच."

काकू लहानापाशी वाकून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "हाच बरा आहे."

"का हो काकू?"

"आवाज कमी आहे. यांनी हाक मारली तर ऐकू येईल."

शेठ हसला. "काकू, तुम्ही जनरेटर घ्यायला आलात की रेडिओ?"

गडी हसला. ठोक्याच्याही तोंडावर हसू आलं. काकूंनी लाल जनरेटरवर टेकलेला हात काढून घेतला.

"लहानच घेऊ," ठोक्या मात्र म्हणाला. "नर्सबाई पण तेच म्हणाल्या."

"आणि कटर?" मिस्त्री खुर्चीतून म्हणाले.

"लाईट असेल तेव्हा चालवीन."

"असते... कधी?" मिस्त्रींनी हात वर केला, म्हणजे थांबा, मला पुरतं बोलू द्या. सगळे थांबले. "शाळेच्या पायऱ्यांचं काम... घेतलंयस. वेळेत दिलं नाहीस... तर तो कंत्राटदार... फरशी आणून बसवील. मग तुला कोण... विचारतंय? जाशील खाणीवर... मजुरीला. सकाळी जाणार... अंधार पडल्यावर येणार." त्यांनी काकूंकडे बघितलं. "मोठा घेतला... तर हा घरी राहील. तुझ्या हाताशी. मग मला हाक... मारायची पाळी... कशाला येते?"

हे काकूंना पटलं. खरंच पटलं. पोरगा खाणीवर गेला आणि आपण एकट्याच घरात पाना घेऊन धडपडतोय, हे त्यांनी मनात कितीदा बघितलं होतं. त्या म्हणाल्या, "तुम्ही म्हणता तसं."

"नर्सबाई म्हणाल्या, मशीनच्या लायनीवर काही जोडायचं नाही," ठोक्या म्हणाला.

"अरे, वेगळी लाईन देतो," शेठ म्हणाला. "कटरची वेगळी, घराची वेगळी. घरात वेगळा खटका, जोर आला की आपोआप पडणारा. काही होत नाही. अशी किती बसवलीत मी."

"आणि मला आवाज... हवाच आहे," मिस्त्री म्हणाले. "घर कसं... मुकं झालंय."

मोठं इंजिन आलं. ठोक्यानं ते अंगणाच्या पार टोकाला, भिंतीपलीकडे ठेवलं, धुराचा पाईप शेताकडे वळवला. खोलीत धुराचा वाससुद्धा येत नव्हता. काकूंनी एकदा हँडल मारून बघितलं. अर्धा गरकाही झाला नाही, उलट हँडलनं असा हिसका दिला की खांदा दोन दिवस दुखत राहिला. "तू नको त्याच्या वाटेला जाऊ," ठोक्या म्हणाला. "मी आहे ना इथं."

तो होताच. लाईट गेली की मशीन ओरडायचं, काकू सिलिंडर जोडायच्या, तेवढ्यात ठोक्या धावत जाऊन इंजिन पेटवायचा, तिथूनच घराची लाईन इंजिनावर वळवायचा. मशीन पुन्हा घुंघुं करायला लागायचं. मग कटर सुरू व्हायचा. कटरचं पातं दगडाला लागलं की असा चीत्कार उठायचा की शेजारची म्हातारी कानात बोटं घालून आत जायची. मिस्त्री मात्र उशीला टेकून डोळे मिटून ऐकत राहायचे. त्यांच्या तोंडावर तरतरी यायची. जेवण जायला लागलं. एकदा ठोक्या आत पाणी प्यायला आला तर म्हणाले, "आज पातं... बोथट झालंय. लाडात आल्यासारखं... ओरडतंय."

"बाबा, तुम्ही पडल्या पडल्यासुद्धा मुकादमी सोडू नका," ठोक्या म्हणाला, आणि जाऊन पातं बदललं.

एकच अडचण होती, भुकटीची. कोरडा दगड कापला की पांढरा धुरळा उठायचा आणि वाऱ्याबरोबर थेट खोलीच्या खिडकीकडे जायचा. ज्या भुकटीनं माणूस खाल्ला तीच परत त्याच्या नाकाशी. काकूंनी खिडकीला ओली चादर लावली. मग त्या स्वतःच शेडमध्ये उभ्या राहायला लागल्या. पिंपाला नळी लावून पात्यावर पाण्याची धार धरायची, म्हणजे भुकटीचा चिखल होऊन खाली बसतो. पाणी, चिखल, पायाशी ओघळ. संध्याकाळपर्यंत त्यांच्या पायांची बोटं पांढरीफटक सुरकुतायची, कमरेत चमक भरायची. तरी त्या समाधानात होत्या. नवऱ्याला हवा मिळत होती, पोरगा डोळ्यांसमोर होता. अधूनमधून नळी खाली ठेवून त्या खोलीत डोकावून यायच्या. मिस्त्री हात हलवून म्हणायचे, जा, जा.

पायऱ्या होत आल्या. शेवटचा दगड राहिला, सगळ्यांत रुंद, शाळेच्या दारातला. त्या दिवशी सकाळपासून लाईट नव्हती. उन्हानं पत्रा तापून कडकड वाजत होता. काकूंनी मिस्त्रींना भरवलं, तोंड पुसलं, नळी नीट केली. त्यांचा पाय आज निघत नव्हता. त्या पलंगाच्या कडेला बसून राहिल्या.

"बसलीस काय?" मिस्त्री म्हणाले. "जा. पाणी धर. मी आहे की... इथं. कुठं पळून... चाललोय?"

काकू हसून उठल्या.

दगड कठीण निघाला. मध्यावर काळी शीर होती, तिच्यात पातं अडकलं. इंजिन घुसमटलं, त्याची धडधड बसत बसत अगदी खाली आली. ठोक्यानं पातं मागं ओढलं, इंजिन सावरलं. त्यानं पुन्हा पातं घातलं. पुन्हा अडकलं. दातओठ खाऊन त्यानं दगडावर सगळं अंग टाकलं. काकू तोंडावर उडणारा चिखल हाताच्या पाठीनं पुसत धार धरून होत्या. शीर फुटली, पातं सरसर पुढं निघालं. ठोक्या मान वर करून हसला. आता थांबण्यासारखं नव्हतं. दोघांनी तो दगड या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरा करूनच सोडला.

समोरच्या घरातून कोणीतरी हात हलवून खुणावलं, लाईट आली. ठोक्यानं जाऊन इंजिन बंद केलं, घराची लाईन परत वळवली. एकदम सगळं शांत झालं. कान बधिर झाले होते. त्या शांततेत काकूंना घरातून मशीनचं ओरडणं ऐकू आलं. लाईट आली होती आणि मशीन ओरडत होतं. तेही दमलेलं, थांबून थांबून, खोल गेलेलं.

त्या आत गेल्या. पलंग रिकामा होता.

मिस्त्री जमिनीवर होते. पलंग आणि दार यांच्या मध्ये, गुडघ्यांवर आणि एका कोपरावर, कपाळ फरशीला टेकलेलं. दुसरा हात दाराकडे लांब केलेला. नळी मागं पडली होती. भिंतीवरच्या बोर्डातला घराचा खटका खाली पडलेला होता.

काकू ओरडल्या नाहीत. त्यांनी नाकाशी हात धरला. अंग अजून कोमट होतं, पण श्वास नव्हता. बाहेर ठोक्या पिंपावर हातपाय धूत होता. तो शीळ घालत होता. बऱ्याच महिन्यांनी त्याची शीळ ऐकू येत होती.

काकू वाकल्या. काखेत हात घालून त्यांनी मिस्त्रींना उचललं. एवढा दगडासारखा माणूस, लहान पोरासारखा उचलला गेला. पलंगावर निजवलं. पाय सरळ केले. एक गुडघा खरचटला होता, तो ओल्या हातानं पुसला. डोळे मिटले. नळी नाकात बसवली. चादर छातीपर्यंत ओढली. मग भिंतीपाशी जाऊन त्यांनी खटका वर केला. मशीन ओरडायचं थांबलं आणि घुंघुं करायला लागलं. हवा नळीतून सुरळीत जायला लागली.

मग त्यांनी हाक मारली. "ठोक्या, इकडे ये रे."

तो आला, बघितलं, बापाचे खांदे धरून हलवले. "मशीन तर चालू आहे!" तो म्हणाला. पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिला. "आई, मशीन तर चालू आहे!"

"हो बाळा," काकू म्हणाल्या. "झोपेतच गेले."

माणसं जमली, पोचवून आली, पांगली. जो तो म्हणाला, सुटले बिचारे, पुण्यवान म्हणून असं मरण आलं. नर्सबाई आल्या, दवाखान्याचं मशीन परत घेऊन गेल्या. ठोक्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "शेवटपर्यंत कटरचा आवाज ऐकत होते. ऐकता ऐकताच डोळा लागला." सांगून झाल्यावर त्याला बरं वाटायचं. काकू मान हलवायच्या. आवाज, कटर, डोळा लागला. दर वेळी मान हलवायच्या, आणि मग काहीतरी काम काढून मागच्या दारी जायच्या. मागच्या दारी त्या नुसत्या उभ्या राहत. खटका पडला तो इंजिन अडकलं तेव्हा, का सावरलं तेव्हा? त्यांनी मारली असेल का हाक? किती वेळा?

पायऱ्या शाळेला गेल्या. कंत्राटदारानं पुढचंही काम दिलं. सबस्टेशनात नवा ट्रान्सफॉर्मर बसला आणि लाईट टिकायला लागली. इंजिन नुसतं उभं होतं. ठोक्या म्हणाला, "विकून टाकू. जागा अडवतंय." काकू म्हणाल्या, "टाक." त्यांना ते डोळ्यांसमोर नकोच होतं.

गिऱ्हाईक आलं तो एक ड्रायव्हर होता, लांबच्या वस्तीवरचा. तिकडे अजून लाईटचे हाल होते. सोबत टेम्पो आणि उचलायला दोन माणसं घेऊनच आला होता. गरीब चेहऱ्याचा, सारखा घाम पुसणारा.

"आईसाठी पाहिजे," तो म्हणाला. "छातीचं दुखणं आहे. हवेचं मशीन लावलंय घरी. मी दिवसभर गाडीवर असतो. घरी बायको, तिची पिठाची चक्की. म्हटलं, असं काहीतरी घ्यावं की आईचं मशीन पण चालेल आणि चक्की पण थांबणार नाही."

"आमचं तसंच होतं की," ठोक्या म्हणाला. "माझे वडील होते. घरात त्यांचं मशीन, इथं माझा कटर. दोन्ही मजेत चालायचं." त्यानं हँडल घातलं आणि इंजिन पेटवून दाखवलं.

काकू दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. धडधड सुरू झाली तशी त्यांच्या मांडीवरची परात घसरली. ड्रायव्हर ठोक्याच्या कानाशी तोंड नेऊन काही विचारत होता, ठोक्या मान डोलवत होता. इंजिन बंद झालं. ड्रायव्हरनं आपल्या माणसांना हात केला, ते गाड्याला हात घालायला पुढं झाले. काकूंना वाटलं, त्याला बाजूला घ्यावं. पण ठोक्या त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा होता. वाटलं, मागून निरोप धाडावा. पण कुठं, कोणाबरोबर? त्यांनी पोराकडे बघितलं. इतक्या दिवसांत आता कुठं त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

त्या उठून अंगणात आल्या.

"हे नेऊ नका," त्या म्हणाल्या.

"आई!" ठोक्या म्हणाला. "काय बोलतेस?"

काकूंनी त्याच्याकडे बघितलं नाही. त्या ड्रायव्हरशी बोलत होत्या. "चक्कीवर जोर आला की घरातला खटका पडेल. हवा बंद होईल. मशीन ओरडेल, पण या धडधडीत तुमच्या बायकोला ऐकू येणार नाही. मग तुमची आई हाका मारील. त्याही ऐकू येणार नाहीत. मग ती पलंगावरून उतरेल. दारापर्यंत यायला बघेल." त्यांचा आवाज अगदी सरळ होता. "लहान घ्या. बटणाचं. कमी आवाजाचं. चक्की बंद राहिली तर राहू दे. आणि लाईट गेली की तिच्यापाशी माणूस बसवा. दुसऱ्या कामाला नाही. नुसतं बसायला."

माणसांनी गाड्यावरचे हात काढून घेतले. ड्रायव्हर काकूंकडे बघत राहिला, मग ठोक्याकडे, मग त्यानं खाली बघितलं. "येतो मावशी," तो म्हणाला. टेम्पो रिकामाच वळला.

ठोक्याच्या हातात हँडल तसंच होतं.

"झोपेत गेले म्हणाली होतीस."

काकूंनी पदराला हात पुसले.

"मशीन चालू होतं. मी बघितलं. चालू होतं."

"मी चालू केलं."

त्यानं हँडल खाली ठेवलं. आपटलं नाही, हळूच ठेवलं. मग तो घरात गेला. काकू मागोमाग गेल्या. खोलीत पलंग होता, गादी गुंडाळून ठेवलेली. पलंग आणि दार यांच्यामधल्या फरशीकडे तो बघत होता. त्यानं फरशीवर पाय टेकवला.

"इथं?"

काकूंना खोटं बोलता आलं असतं. पण त्याचा चेहरा बघून त्यांना ते जमलं नाही.

"अजून थोडं अलीकडं."

तो अर्धं पाऊल दाराकडे सरकला.

"हो," काकू म्हणाल्या. "तिथं."

तो तिथंच खाली बसला. काकू त्याच्याशेजारी फरशीवर बसल्या. त्या त्याला ऊठ म्हणाल्या नाहीत.